घटस्फोटाचा दावा चालू असताना लेकराचा तात्पुरता ताबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मराठवाड्यातल्या आई-बापांसाठी आहे: ज्यांचा दावा दाखल झालाय किंवा होणार आहे, आणि निकाल लागेपर्यंत लेकरू कुणाकडे राहणार हा प्रश्न ज्यांच्यापुढे आजच उभा आहे.

तात्पुरता ताबा म्हणजे नेमकं काय?

मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत मूल कुणाजवळ राहील, शाळेत कोण घालेल, दवाखान्यात कोण नेईल आणि दुसऱ्या पालकाला ते कधी भेटेल, याबद्दल कोर्टाने दिलेला आदेश म्हणजे तात्पुरता किंवा अंतरिम ताबा. पालकत्व ही वेगळी गोष्ट आहे. ताबा आईला मिळाला म्हणून बाप पालक राहत नाही असं होत नाही, आणि उलटही नाही.

‘तात्पुरता’ या शब्दावर विसंबून अर्ज कसातरी उरकू नका. दावे वर्षानुवर्षे चालतात. तोवर मूल एका घरात, एका शाळेत रुळतं, आणि शेवटच्या निकालात ते रुळलेलं आयुष्य मोडायला कोर्ट सहसा नाखूश असतं. त्यामुळे अनेक प्रकरणांत खरा निकाल अंतरिम अर्जावरच लागलेला असतो.

अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा?

तुमचा दावा कोणता आणि तुम्ही कोण, यावर ते ठरतं.

घटस्फोट, न्यायिक विभक्तता किंवा नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायदा १९५५ खाली चालू असेल तर त्याच दाव्यात कलम २६ खाली अर्ज करता येतो. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. आपल्याकडे बौद्ध कुटुंबांत याबद्दल बराच गोंधळ दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. लग्न विशेष विवाह कायद्याने, म्हणजे नोंदणी पद्धतीने झालं असेल तर कलम ३८.

घटस्फोटाचा दावाच नसेल, नुसते वेगळे राहत असाल, तर पालक व पाल्य कायदा १८९०. त्यातल्या कलम २५ खाली मुलाचा ताबा मागता येतो आणि कलम १२ खाली मधल्या काळापुरता आदेश. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. मुस्लिम जोडप्यांचे ताब्याचे वाद बहुधा याच वाटेने जातात. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहावी असा नियम आहे, पण कोर्ट त्याहून वर मुलाचं हित ठेवतं. एकदम तीन तलाक दिला असेल तर २०१९ च्या कायद्याचं कलम ६ आहे. त्याखाली अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा ताबा आईला मिळतो आणि तो कसा द्यायचा ते न्यायदंडाधिकारी ठरवतात.

चौथी वाट कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ ची. बाईने कलम १२ खाली अर्ज केला की कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. मारहाण, घराबाहेर काढणं, पैसे अडवणं असं काही घडलं असेल तर हाच रस्ता जवळचा पडतो, कारण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट बहुतेक वेळा तालुक्यालाच असतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तेवढ्यात लागेलच असं नाही, पण दिवाणी दाव्यापेक्षा लवकर लागते. बापाला मात्र या कलमाखाली ताबा मागता येत नाही. त्याने हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ किंवा १८९० चा कायदा वापरावा. भेटीचा हक्क तो इथेही मागू शकतो.

अर्ज कोणत्या गावच्या कोर्टात करायचा?

हिंदू विवाह कायद्याखालचा दावा लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथे चालतो. बायको दावा करणारी असेल तर ती आज जिथे राहते तिथेही चालतो. म्हणजे सासर चाकणला आणि माहेर कळंबला असेल तर बाईला पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

पालक व पाल्य कायद्यात हिशोब वेगळा आहे. मूल ‘सर्वसाधारणपणे’ जिथे राहतं तिथलंच कोर्ट. लेकरू चार दिवसांपूर्वी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेलं म्हणून त्याचं गाव बदलत नाही. समोरून हद्दीचा आक्षेप पहिल्यांदा इथेच येतो, म्हणून शाळेचा बोनाफाईड आणि अंगणवाडीची नोंद अर्जाला लावूनच दाखल करा.

कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्याच्या हद्दीतली प्रकरणं त्याच्याकडे जातात. नसेल तिथे घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे आणि पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात. दावा एका जिल्ह्यातून दुसऱ्यात हलवायचा असेल तर त्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अर्ज करावा लागतो.

पाच वर्षांखालचं लेकरू आईकडेच राहतं, असा कायदा आहे ना?

जवळजवळ. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चं कलम ६ म्हणतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. ‘साधारणपणे’ म्हणजे अपवाद असू शकतो. पण तो अपवाद सिद्ध करायची जबाबदारी बापावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोक्सान शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण अंतरिम ताब्याचंच होतं.

पाच पूर्ण झाले की लेकरू आपोआप बापाकडे जातं, हा मात्र गैरसमज आहे. अनेक घरांत पाचव्या वाढदिवसाची वाट बघत बसलेले असतात. तसं काही होत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित हाच शेवटचा निकष राहतो.

मला कमाई नाही, त्याला शेती आणि नोकरी दोन्ही आहे. मग ताबा त्यालाच मिळेल का?

नुसत्या पैशावर नाही. आईची कमाई कमी असेल तर बापाने मुलाचा खर्च द्यायचा, ही कायद्याची सरळ रीत आहे. म्हणून ताब्याच्या अर्जासोबतच मुलाच्या खर्चाचाही अर्ज करा. त्यासाठी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा नमुनाच ठरवून दिला आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात आहे. त्याच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. तोंडी ‘वीस एकर आहे’ म्हटल्याने कागदावर काही येत नाही.

कोर्ट खरं बघतं ते हे: आजपर्यंत मुलाचं रोजचं कोण करत होतं, ते कुठे रुळलंय, शाळा किती लांब आहे, घरात आणखी कोण आहे, कुणाचं दारूचं किंवा मारहाणीचं प्रकरण आहे का, आणि भावंडं एकत्र राहतील का. शिवाय कोणता पालक मुलाला दुसऱ्याशी बोलू देतो, हेही. हा शेवटचा मुद्दा लोक हलक्यात घेतात आणि तिथेच मार खातात.

आम्ही ऊसतोडीला जातो. हंगामात पाच-सहा महिने गावात नसतो. याचा फटका बसेल का?

समोरचा वकील हा मुद्दा काढणार, हे धरूनच चाला. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या प्रकरणांत तो नेहमी येतो. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परतते, तोवर मुलाची शाळा बुडते.

कामाला जाणं हा दोष नाही. मुलाची सोय न सांगणं हा दोष ठरतो. अर्जातच लिहा की हंगामात मूल आजीकडे गावात राहील किंवा हंगामी वसतिगृहात राहील, शाळा तीच राहील आणि आजीचं वय व तब्येत अशी अशी आहे. आजीचं स्वतंत्र शपथपत्र जोडा. मुकादमाकडून उचल घेतली असेल तर ती लपवू नका, उलटतपासणीत निघतेच. आणि यंदा कोयता सोडून गावातच रोजगार बघणार असाल तर तसं नक्की असेल तेव्हाच लिहा.

पुण्यात किंवा वाळूजला कंपनीत पाळीने काम करणाऱ्या बापालाही हेच लागू. रात्रपाळीला मूल कुणाजवळ झोपेल, याचं उत्तर अर्जात हवं.

अर्जात काय लिहायचं आणि काय जोडायचं?

अर्ज शपथपत्रावर असतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्या ते कुठे आणि कुणाकडे आहे, आजवर त्याचा सांभाळ कुणी केला, आता तातडी काय आहे, आणि नेमकं काय मागताय, एवढं क्रमाने यावं. नवरा-बायकोच्या भांडणाची पाच पानं आणि मुलाबद्दल दोन ओळी, असे अर्ज पडतात. प्रमाण उलट ठेवा.

कागद: जन्म दाखला, आधार, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड आणि हजेरीचा उतारा, फी भरल्याच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद. पालकसभेच्या वहीत सही कुणाची आहे, हा छोटा पण बोलका पुरावा असतो. व्हॉट्सॲपवरचे मेसेज द्यायचे तर नुसत्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका.

मागणीत फक्त ‘ताबा मिळावा’ लिहून थांबू नका. मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेऊ नये, शाळेतून दाखला काढू नये, शाळेची फी अमुक तारखेला भरावी, या गोष्टी वेगवेगळ्या मागा. न मागितलेलं मिळायची अपेक्षा ठेवू नका.

एक सावधगिरी. खोटे आरोप, विशेषतः लहान मुलावर वाईट नजर असल्याचे, वजन वाढवण्यासाठी घालू नका. खरे असतील तर तारखेसह, वैद्यकीय कागदासह घाला. खोटे निघाले तर अर्जातल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आदेश किती दिवसांत मिळतो?

‘साठ दिवसांत निकाल लागतो’ असं सर्रास सांगितलं जातं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मधली साठ दिवसांची मुदत नोटीस बजावल्यापासून मोजतात, ती मुलाच्या खर्च आणि शिक्षणाच्या अर्जाला आहे, आणि तीही ‘शक्यतो’. ताब्याच्या अर्जाला अशी मुदत त्या कलमात नाही.

वेळ जातो तो बहुधा नोटीस न बजावल्यामुळे. पत्ता अर्धवट, समोरचा कामाला बाहेरगावी, बेलिफ रिकाम्या हाताने परत. म्हणून गावचा आणि कामाच्या ठिकाणचा असे दोन्ही पत्ते द्या. नोटीस लागली की समोरचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागतो. एक-दोन तारखा मिळतात, पुढे तुमच्या वकिलाने विरोध करायला हवा. मूल आजारी आहे, परीक्षा आहे, परगावी नेण्याची भीती आहे अशी खरी तातडी असेल तर एकतर्फी, म्हणजे समोरच्याला ऐकण्याआधीचा, आदेश मागता येतो.

उलट, मूल तुमच्याकडे आहे आणि समोरचा गुपचूप एकतर्फी आदेश आणेल अशी धास्ती असेल तर त्याआधीच कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, नंतर नव्याने करावं लागतं.

नवऱ्याने लेकरू शाळेतून परस्पर नेलं. पोलीस आणून देतील का?

कोर्टाचा आदेश नसेल तर बहुधा नाही. बाप हा कायद्याने पालक असल्याने पोलीस अपहरणाचा गुन्हा सहसा नोंदवत नाहीत आणि ‘कोर्टात जा’ सांगतात. तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, कारण मूल कधी आणि कुठून गेलं याची तारीख त्यातून पक्की होते. मारहाण किंवा धोका असेल तर ११२, मुलांसाठी १०९८.

मग लगेच अर्ज. दिवस जाऊ देऊ नका. ‘सहा महिने गप्प का होतात?’ या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. मूल अंगावर पिणारं असेल किंवा कुठे ठेवलंय तेच कळत नसेल तर औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. २०१९ च्या तेजस्विनी गौड निकालाने ताब्याच्या वादातही योग्य प्रकरणात ही वाट मोकळी असल्याचं सांगितलं आहे. मात्र सविस्तर पुरावे तपासायचे असतील तर खंडपीठ खालच्या कोर्टाकडेच पाठवतं.

बैठकीत पंचांसमोर बाँडवर फारकत झाली. त्यात ‘मुलावर माझा हक्क राहणार नाही’ असं लिहून दिलंय. आता काय?

नोटरी केलेल्या बाँडने हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट साधारणपणे होत नाही. काही समाजांत रूढीने सोडचिठ्ठी चालते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. मुलाबद्दलचं कलम तर कोर्टाला बांधीलच नाही, कारण मुलाचं हित हा आई-बापाने सही करून सोडून द्यायचा हक्क नाही. भरोसा सेलमध्ये (पोलिसांच्या कौटुंबिक तक्रारींच्या कक्षात) किंवा पोलीस ठाण्यात लिहून दिलेल्या जबाबाचंही तसंच. पुरावा म्हणून तो वापरला जाईल, आदेश म्हणून नाही. तो बाँड लपवू नका. कोणत्या परिस्थितीत सही केली ते अर्जात लिहा.

मुलाला कोर्टात उभं करतात का?

साक्षीदारासारखं सहसा नाही. समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश चेंबरमध्ये एकट्याशी बोलतात किंवा कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक बोलतात. त्यासाठी ठरलेलं वय नाही. मुलाची इच्छा विचारात घेतात, पण तीच शेवटची नसते. ‘पप्पा वाईट आहेत, त्यांनी पोटगी दिली नाही’ असं सात वर्षांचं पोरगं बोललं की पढवलंय हे कळतंच. येताना त्याला जेवू घाला, काय बोलायचं ते सांगू नका.

ताबा मिळत नसेल तर भेटीचा आदेश कसा मागायचा?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात कमी विचार इथेच केला जातो. ‘वाजवी भेट द्यावी’ असा आदेश मिळाला म्हणजे काहीच मिळालं नाही असं समजा. वार, वेळ, जागा, ने-आण कोण करणार, उशीर झाला तर किती थांबायचं, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, हे सगळं आदेशात हवं.

नमुना: दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते सायंकाळी ५, मुलाला तालुक्याच्या बसस्थानकावर चौकशी खिडकीजवळ आजोबा आणून देतील आणि तिथूनच परत घेतील, अर्धा तास वाट पाहायची, रोज संध्याकाळी ७ वाजता दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, कोणत्या नंबरवर तेही. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने रोज ५ ते १० मिनिटं बोलण्याचा हक्क आणि व्हिडिओ कॉल यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तो निकाल वकिलांना दाखवा.

सुट्ट्या वेगळ्या लिहून घ्या. दिवाळीची पहिली निम्मी सुट्टी एकाकडे, पुढच्या वर्षी उलट. उन्हाळ्याच्या सुट्टीचेही तसेच भाग. पोळा, गावची जत्रा, नवरात्रात तुळजापूर, घरातलं लग्न, हे ज्या घरात महत्त्वाचं आहे त्यांनी तेही मागावं. उन्हाळी सुट्टीसाठीचा अर्ज मार्चमध्येच करा. मेमध्ये कोर्टालाही सुट्टी असते आणि मग जूनच्या तारखेला सुट्टीचा आदेश मागायची वेळ येते.

तान्ह्या बाळाला पहिल्याच भेटीत मुक्कामी मागू नका. दोन तासांपासून सुरू करून तीन महिन्यांनी वाढ, अशी पायऱ्यांची मागणी कोर्टाला पटते. धोका असेल तर आईने कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकासमोर भेट मागावी. हिंसाचार कायद्यात भेट मुलाला घातक असेल तर ती नाकारायचीही तरतूद आहे.

पोटगी देत नाही, मग भेट बंद केली तर?

करू नका. दोन्ही आदेश वेगळे आहेत. पोटगीसाठी वसुलीचा अर्ज करा. तसंच ‘भेट देत नाही म्हणून पैसे थांबवले’ हेही चालत नाही.

समोरचा आदेश पाळत नाही. काय करावं?

ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा, एसटीचं तिकीट ठेवा, पोचल्याचा मेसेज पाठवा. असे दोन-तीन प्रसंग तारखेसह जमले की त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज करा आणि गरज असेल तर पोलीस मदतीचा आदेश मागा. जाणूनबुजून मोडलं असेल तर अवमानाची कारवाई होऊ शकते. तिथेच आरडाओरडा करून मूल ओढून नेणं सगळ्यात महागात पडतं, आणि आता त्याचा व्हिडिओही निघतो.

माहेरी आले, पण जुनी शाळा दाखला देत नाही.

आठवीपर्यंत काळजी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आधी मूल शाळेत बसवा, मग कागद. मात्र ताब्याचा अर्ज चालू असेल किंवा शाळा न बदलण्याचा आदेश असेल तर आधी परवानगी घ्या.

अंतरिम आदेश विरुद्ध गेला तर अपील होतं का?

न्यायदंडाधिकाऱ्यांनी हिंसाचार कायद्याखाली दिलेल्या आदेशावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ च्या अंतरिम आदेशावर अपील नाही. तिथे बहुधा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली खंडपीठात रिट याचिका करतात. निर्णयाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.

परिस्थिती बदलली असेल, म्हणजे बदली झाली, दुसरं लग्न झालं, मूल आजारी पडलं, तर अपिलाऐवजी त्याच कोर्टात आदेश बदलण्याचा अर्ज करा. ताब्याचे आदेश कायमचे पक्के नसतात. दुसऱ्या लग्नाने ताबा आपोआप जात नाही, पण नव्या घरात मुलाची जागा काय हे सांगावं लागतं.

वकिलाची फी परवडत नाही.

स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. हेल्पलाईन १५१००. हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरून देतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. सखी वन स्टॉप सेंटरमधूनही ही मदत मिळते.

नेमून दिलेल्या वकिलाला भेटायला जाताना वरची कागदपत्रं झेरॉक्ससह न्या, मूळ प्रती घरी ठेवा, आणि दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख कुणाला न विचारता कळते.